लोमेद की लोमेदेत?

विमानतळावर माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं हिब्रू बोलणाऱ्या विहीणबाईंची वाट बघत होतं. खोटं वाटेल, पण हे मी कानांनी ऐकलंय.

“म्हणून दाखवा बघू, ‘मी हिब्रू शिकतो’.”

“अनी लोमेदेत इव्रीत! सूनबाईनं घोटून घेतलंय.”

“अहो, ‘लोमेद’! मला चिरंजीवांनी शिकवलंय.”

“मग चिरंजीव चुकले.”

“की सून?”

“थांब. मराठीत मी ‘शिकतो’ म्हणतो, तू ‘शिकते’ म्हणतेस. तिकडंही तसंच असणार!”

“अगंबाई! म्हणजे तुम्ही बाईचं बोलताय आणि मी बाप्याचं?”

“त्या बघ, आल्या! आता गं?”

“आता अदलाबदल. ‘माझ्या तोंडचं वाक्य पळवतेस’ म्हणून जन्मभर ओरडलात, आज आपण होऊन द्या.”