बगळा आणि बँकेचा डबा

—मरण? त्या डब्यात मरण? कोण म्हणालं, प्राध्यापक? अहो आरिगासाहेब, त्या डब्यात मुळ्याचं लोणचं होतं, मीच भरलं होतं. नाही, हसू द्या मला. यांच्या हायकूची शिळा उभारा हो, तुमच्या नगरपालिकेची हौस आहे, माझं काही म्हणणं नाही — पण खाली पाटीवर 'डबा म्हणजे अस्थिकलश' असं कोरणार असाल, तर आधी ऐकून घ्या. वाचा बरं यांचा तो हायकू. राहू द्या, मीच म्हणते —

ओहोटी —
बगळ्याला काम आहे,
मला आहे डबा.

झालं, एवढंच. आमचे हे तेव्हा बँकेत होते. म्हणजे मला वाटायचं, बँकेत आहेत. एक दिवस तिथला एक जण यांची विसरलेली छत्री घेऊन दारात — वहिनी, नोकरी सोडल्यापासून मिझोबेसाहेबांची तब्येत कशी आहे? म्हटलं, छान आहे. चहा पाजला, छत्री कपाटात मागे सारली. आणि यांना विचारलं का? छे. म्हटलं, बघू तरी किती दिवस ओढतात. रोज सकाळी टाय बांधायचे, डबा घ्यायचे आणि मित्सुहामाच्या धक्क्यावर जाऊन हायकू करत बसायचे. मला कसं कळलं? गेले होते की मागून, मासळीच्या पेट्यांआड उभी राहिले. पगार? निवृत्तीच्या पैशातून स्वतःच पाकीट भरून आणायचे, वर सांगायचे, या महिन्यात ओव्हरटाइम फार झाला.

मग मी बरी सोडते. जेवताना रोज विचारायचे, आज साहेब काय म्हणाले? तर यांनी एक साहेबच उभा केला — हाताकेदा म्हणून. त्याचे गुडघे दुखायचे. मी लेप करून पाठवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फरक आहे. पुढे त्या हाताकेदाला मुलगी निघाली — हट्टी, गाजर न खाणारी, स्वतःचे केस स्वतःच वेडेवाकडे कापणारी. तिचं लग्न ठरलं, तेव्हा मी रेशमी बटवा शिवून दिला. आवडला का म्हटलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, रडली हो पोरगी. बटव्याचं काय केलं देव जाणे. बगळ्याच्या गळ्यात बांधला असेल.

आणि मग तो हायकू पेपरात आला — पहिलं बक्षीस, वर यांचा फोटो. मासेवालीनेच आणून दाखवला. संध्याकाळी मी वाढलं, पेपर वाटीशेजारी ठेवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज हाताकेदासाहेब काय म्हणाले?"

यांनी पेपर उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "हाताकेदा गेले."

"अरेरे. मग जायला हवं. काळा किमोनो काढते."

काय हसलो हो आम्ही, भात सांडला. दुसऱ्या दिवसापासून दोन डबे. मी आले की बगळा उडून जायचा, हे चिडायचे — तू फार बोलतेस. बोलते, मग? बोलले नसते तर यांना जेवायला कोणी हाक मारली असती?

फक्त — हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "आणि मुलगी?" का विचारलं, कोण जाणे. आम्हाला मूलबाळ नाही, बघताच आहात तुम्ही. हेही हसले नाहीत. म्हणाले, "ती सुखात आहे. होक्काइदोला असते. थंडी फार, पण नवरा चांगला आहे." मग दर हिवाळ्यात मी म्हणायचे, तिकडे बर्फ पडला असेल ना हो, आणि हे म्हणायचे, तिच्याकडे चांगली शेगडी आहे. शेवटच्या आजारात, बोलवत नव्हतं तरी, मला जवळ बोलावून म्हणाले — तिला कळवू नकोस, एवढ्या लांबून धावत येईल.

काय लिहिताय? ते नका लिहू. मुळ्याचं लिहा. नाव? तिचं नाव कशाला हवंय तुम्हाला? — उठा आता, उठा. तुमची ट्राम चुकेल.