बोल्ट मारले नव्हते

पुरवणी जबाब

मी उत्तरेश्वर राधाकिशन नाईकनवरे, वय ४३ वर्षे, व्यवसाय ठिबक व पाण्याच्या मोटारीच्या साहित्याचे दुकान, रा. चौसाळा, ता. जि. बीड. मला कोणी बोलावलेले नसताना मी आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी सुरेखा व दोन मुलींसह राहतो. माझी मोटारसायकल नेकनूरच्या आठवडी बाजारातून चोरीला गेल्याबाबत मी याच ठाण्यात फिर्याद दिलेली आहे. गाडी चोरीला गेली हे खरे आहे. परंतु गाडीला जीपीएस कसा बसवला होता आणि ज्याला आम्ही चोर म्हणून पकडले तो अजिनाथ आम्हाला कोणत्या अवस्थेत सापडला, या दोन गोष्टी मी फिर्यादीत खोट्या लिहून दिल्या. त्या आज दुरुस्त करण्यासाठी आलो आहे.

आमच्या भागात बाजारातून गाड्या जाण्याचे प्रकार वाढल्याने मी गाडीवर बसवायचा जीपीएस मागवला होता. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा असतो. त्याच्या वायरी गाडीच्या बॅटरीला जोडायच्या, म्हणजे गाडी कुठे आहे ते मोबाईलवर नकाशातल्या ठिपक्याने दिसते. डब्याच्या आत स्वतःची छोटी बॅटरी असल्याने वायर तुटली तरी तो काही तास चालू राहतो. सोबतच्या कागदावर तो पट्टी व बोल्टने गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवावा असे लिहिले होते. मी तो कागद वाचला होता.

चौसाळा स्टँडजवळ सिदू नावाचा गाड्यांचे वायरिंग करणारा कारागीर आहे. त्याने मला सांगितले होते, "शेठ, गाडी दुपारपर्यंत ठेवून जा, पट्टी करून बोल्ट मारून देतो." मला दुपारपर्यंत गाडी ठेवायची नव्हती. शिवाय मी रोज लोकांना मोटारी कशा बसवायच्या ते सांगतो, तर एवढ्याशा कामासाठी सिदूकडे जाणे मला कमीपणाचे वाटले. मी घरासमोर बसून साइड पॅनल उघडले व डबा आतल्या बाजूला दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने चिकटवला. वायरी नुसत्या पिळून त्यावर काळी टेप गुंडाळली. पत्नी सुरेखा तेथे धान्य निवडत होती. ती म्हणाली, "खड्ड्यात गाडी आदळली की पडंल की ह्ये." मी तिला म्हणालो, तुला यातले काय कळते.

त्यानंतर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी मोबाईलवर ठिपका दाखवत असे. कोणी विचारले की बोल्ट मारून बसवला आहे असे सांगत असे. तसे सांगायची काही गरज नव्हती.

घटनेच्या दिवशी रविवारी मी गाडी बाजाराच्या तोंडाशी लावून आत गेलो. दुपारी परत आलो तेव्हा गाडी जागेवर नव्हती. मोबाईल पाहिला तर "वीजपुरवठा तुटला" अशी सूचना येऊन पडलेली होती. मी मोठ्याने ओरडलो की चोराने वायर तोडली. माझा चुलत भाऊ भागवत बाजारातच होता, तो धावत आला. आमच्या नात्यातले मोहनराव, जे पूर्वी सरपंच होते व ज्यांचा शब्द आमच्याकडे मानला जातो, तेही जीप घेऊन बाजाराला आले होते. ते म्हणाले, "बस जीपमध्ये. ठिपका कुठं हाय ते सांग." आणखी काही मुले मोटारसायकलींवर मागे आली. मी पुढच्या सीटवर मोबाईल हातात धरून बसलो व रस्ता सांगत गेलो.

ठिपका आतल्या रस्त्यावरच्या नळकांडी पुलापाशी होता. येथे एक गोष्ट सांगतो जी मी फिर्यादीत सांगितली नाही. ठिपका हलत नव्हता. आम्ही बाजारातून निघालो तेव्हापासून तो एका जागी होता. चोर असता तर थांबला कशाला असता, हे माझ्या मनात आले होते. मी ते जीपमध्ये बोललो नाही. सगळे तावातावाने बोलत होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्यावेळी चांगले वाटत होते हेही खरे आहे.

पुलाच्या कठड्यावर एक इसम भाजीची पिशवी पायाशी ठेवून बसला होता. तोच अजिनाथ. फिर्यादीत मी त्याला अनोळखी इसम म्हटले आहे. आता मला त्याचे पूर्ण नाव माहीत आहे. अजिनाथ तानाजी शेळके, ऊसतोडीचे काम करतो, कारखान्याचा हंगाम संपल्याने गावी परतला होता. फिर्यादीत मी असे लिहून दिले की, आम्हाला पाहताच तो पळू लागला व आम्ही पाठलाग करून त्यास पकडले. तसे घडले नाही. जीप थांबताच तो उठून आमच्याच दिशेने आला. त्याने हात वर केला होता व हातात माझा डबा होता. त्याच्या तोंडावर हसू होते. तो म्हणाला, "ह्येच हुडकायलात का? हितं रस्त्यावर पडलं व्हतं. लाइट लुकलुकायली, म्हनलं कुनाचं तरी लई कामाचं आसंल, येतील हुडकत. म्हनून थांबलो."

मोहनरावांनी विचारले, "गाडी कुठं हाय?"

तो म्हणाला, "कंची गाडी?"

मोहनराव माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे उत्तरेश्वर, ह्ये आपोआप पडू शकतं का?"

त्यावेळी मला खरे सांगता आले असते. टेपने चिकटवले होते, पडू शकते, एवढेच म्हणायचे होते. बाजारातली मुले गाड्या लावून भोवती उभी होती. त्यातल्या दोघांनी माझ्या दुकानातून बोल्ट-पाने नेलेले आहेत. मी म्हणालो, "बोल्ट मारून बसवलेलं आहे. पान्याशिवाय निघत नाही." हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणालो. अजिनाथ म्हणाला, "न्हाई ओ दादा, रस्त्यावरच व्हतं." मला वाटले तो मला सर्वांसमोर खोटे ठरवतो आहे. मी त्याच्या तोंडात मारली. पहिली चापट माझी आहे. त्यानंतर बाकीच्यांनी मारण्यास सुरुवात केली. माझा भाऊ भागवत याने ढकलल्याने अजिनाथ कठड्यावरून खाली कोरड्या नाल्यात पडला व त्याचा उजवा हात मोडला. तो खाली पडल्यावरही मोहनराव वरून विचारत होते की पाना कुठे टाकलास. त्याची पिशवी उलटी करून पाहिली. तीत वांगी, मिरच्या व लहान मुलीची प्लास्टिकची चप्पल होती. पाना मिळाला नाही.

फिर्याद देताना मला येथे विचारले गेले की डबा कसा बसवलेला होता. मी बोल्टने असे उत्तर दिले. बोल्टने बसवलेली वस्तू ज्याच्या हातात सापडली त्यानेच ती काढली असणार, असे त्यावरून धरले गेले व अजिनाथ आज अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोलीस पहाऱ्यात आहे. हे माझ्या उत्तरामुळे झाले आहे.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर पत्नीने मला पाण्याचा तांब्या दिला व एकच विचारले, "बोल्ट कवा मारले?" मी तिला गप्प बसायला सांगितले. तेव्हापासून ती माझ्याशी जेवायला या, मुलींची फी भरायची आहे, एवढेच बोलते.

गुरुवारी माझी गाडी महामार्गालगत बाभळीत टाकून दिलेली सापडली. ती ओळखण्यासाठी मला बोलावले होते. गाडी नेणारा वेगळाच कोणी असून तो मिळालेला नाही. हवालदार साहेब दुसरीकडे फोनवर बोलत असताना मी साइड पॅनल उघडले. टेपचा तुकडा आत तसाच चिकटलेला होता, त्यावर धूळ बसली होती. सांगाड्याला बोल्टसाठी पाडलेले एकही भोक नव्हते. मी तो तुकडा नखाने सोलून खिशात घातला. तो नष्ट करायचा माझा विचार होता. परंतु तो मी टाकला नाही, टाकता आला नाही. सदर तुकडा आज कागदात गुंडाळून हजर करत आहे.

काल दुपारी अजिनाथची पत्नी छबुबाई माझ्या दुकानात आली. मी तिला ओळखत नव्हतो. ती भांडायला आली असे मला वाटले नाही, कारण ती गिऱ्हाइकांच्या मागे आपली पाळी येईपर्यंत उभी राहिली. नंतर म्हणाली, "मी अजिनाथची मालकीन. त्यो बोल्ट म्हनत्यात त्यो कसा असतोय, मला दावा की. मी कदी बगितला न्हाई."

मी बरणीतून एक बोल्ट काढला, त्याला नट लावला व तिच्या हातात दिला. का दिला ते सांगता येत नाही. नाही म्हणायला तोंड नव्हते. तिने तो बोटांनी फिरवून पाहिला. मी नट घट्ट केला नव्हता तरी तिने आधी आवळायच्या दिशेने फिरवल्याने तो बोल्टच्या डोक्याशी जाऊन घट्ट बसला व निघेना. ती बराच वेळ प्रयत्न करत होती. मग म्हणाली, "ह्यो तर हातानं निघत न्हाई. मग त्येंनी कसा काढला?"

ती पुढे म्हणाली, "त्ये खोटं बोलत न्हाईत. लगीन झाल्यापसून बगते मी. पर तुमी बी चार मानसांत बसनारं, दुकानदार मानूस. तुमी तरी कावून खोटं बोलताल? मला कायच कळंना झालंय. रातसार जागी ऱ्हाते अन् इचार करते, ह्येंनी पाना कुठून आनला आसंल."

तिला तिच्या नवऱ्याबद्दल शंका येऊ लागली होती. ती शंका माझ्या सांगण्याने आली होती. दुकानात तेव्हा दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मी तिला सांगितले, "बोल्ट नव्हता, बाई. टेपनं चिकटवलं होतं. ते पडलं असेल." तिने बोल्ट काउंटरवर ठेवला. रडली नाही. म्हणाली, "मग त्ये पुलावर का न्हाई सांगितलं?"

त्यानंतर मी मोहनरावांच्या घरी गेलो व ठाण्यात जाऊन खरे सांगणार असल्याचे त्यांना कळवले. भागवतही तेथे होता. मोहनराव म्हणाले, "येड लागलं का तुला? तू फिर्यादी हायस. आता उलटलास तर मारहानीचं आमच्यावर येतंय. टेपच्या तुकड्यापायी भावाला आत घालतूस व्हय?" मी म्हणालो, मारहाण आपण केलीच आहे. भागवत म्हणाला, "मी तुझ्या शब्दावर मारलं बे. तूच म्हनलास पान्याशिवाय निघत न्हाई." हे त्याचे म्हणणे खरे आहे. भागवतने अजिनाथला ढकलले हे मी वर सांगितले आहे, त्याचप्रमाणे त्याने ते माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून केले हेही लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे. मी निघताना तो दारापर्यंत आला. आमची दोघांची शेती एका बांधाला आहे.

आज सकाळी मी घरातून निघालो तेव्हा पत्नी सुरेखाने स्वतःहून चप्पल घातली व माझ्यासोबत बसमध्ये बसली. ती टेप चिकटवताना हजर होती व विचारल्यास तसे सांगण्यास तयार आहे.

अजिनाथने माझी गाडी चोरली नाही, डबा काढला नाही, तो पळालाही नाही. डब्याचा मालक शोधत येईल म्हणून तो उन्हात थांबला होता. तो मालक म्हणजे मी आलो. त्याच्याविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. माझ्याविरुद्ध त्याची जी तक्रार असेल ती मला मान्य राहील. मी त्याला भेटण्यासाठी अंबाजोगाईला गेलेलो नाही. जावे की नाही हे मला ठरवता आले नाही.

मला हा जबाब वाचून दाखवण्यापूर्वी मी साहेबांना विनंती केली की, छबुबाईही आज येथे आलेली असून बाहेर बाकावर बसली आहे, तिला वाचता येत नाही, तरी तिलाही आत बोलवावे. साहेबांनी परवानगी दिली. माझी पत्नी व ती भिंतीला टेकून उभ्या राहिल्या व जबाब पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचण्यात आला. वाचून झाल्यावर छबुबाई मला म्हणाली, "कागदावर झालं. पर त्येनला चोर म्हनून मारलेलं समद्या बाजारानं ऐकलंय. येत्या बाजारी तुमी तितं उभं ऱ्हाऊन ह्ये सांगताल का? तसंच मोठ्यानं?"

मी हो म्हणालो. हे जबाबात घ्यायचे का, असे साहेबांनी विचारले असता, घ्या म्हणालो.

जबाब मी ऐकला, तो माझ्याच तोंडचा आहे व माझ्या त्या उत्तरासह बरोबर आहे.

सही/-
उत्तरेश्वर राधाकिशन नाईकनवरे