वाकडी घडी

शुगर हो भाऊ, शुगर. दुसरं काय असणार? म्हणून तर पँट सेफ्टीपिनीवर आली. तुम्ही बसा त्या स्टुलावर, उभं राहून शर्टाची इस्त्री काही लवकर होत नाही. सगळे हेच विचारतात — सुपडूभाऊ, एवढे कसे वाळले? मी म्हणतो, शुगर. इज्जतदार आजार आहे तो. माणूस खात्यापित्या घरचा वाटतो, कोणी लांब पळत नाही, उलट समोरचा स्वतःचीच शुगर सांगत बसतो. — कुठले म्हणालात तुम्ही? चाळीसगाव. अन् भुसावळला लग्न. बरं बरं. पिशवीत चुरगळला म्हणता — तसा काही फार नाही चुरगळलेला — पण द्या, आपण गिऱ्हाईक परत पाठवत नाही.

मग तुम्हाला सांगायला काय जातं? तुमची गाडी आली की तुम्ही कोण अन् मी कोण. गल्लीत बोलायची सोय नाही, मीच सगळ्यांना तंबी देऊन ठेवलीये. शुगर-बिगर काही नाही भाऊ. रक्ताचा कॅन्सर आहे. — अहो सरकू नका, लागत नसतो तो! आमचे भाऊबंद, साडू, शेजारी, सगळे असेच सरकले आधी, मग पपईच्या पानांचा रस घेऊन आले. इतका रस प्यालो की अंगाला पपया लागायच्या बाकी होत्या. शेवटी मुंबईला एक औषध सुरू झालं. अजून बाजारात नाही ते, माझ्यासारख्यांना देऊन बघून राहिले. मेव्हणा म्हणतो, दाजी, उंदीर केला तुमचा! मी म्हटलं, उंदराला कोणी खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, सही करायच्या आधी सगळं समजावून सांगतं का रे?

अन् समजावलं पण काय झ्याक! डॉक्टरीणबाई म्हणजे पोरगीच. म्हणे बाबा, तुमच्या पेशीत एक प्रोटीन असतं — मला वाटलं, ते जिमवाल्या पोरांच्या डब्यातलं — त्याचं नाव पी त्रेपन्न. मी म्हटलं, बाई, हा तर बर्थ नंबर झाला. हसली. म्हणे त्याचं काम एकच, पेशी बिघडली की तिला थांबवायचं, नाही थांबली तर संपवायचं. तुमच्यातलं ते वाकडं दुमडलं गेलंय. जागेवर आहे, पण हात चालत नाही त्याचा. अन् हे औषध जाऊन त्याला चिकटतं, त्याची घडी सरळ करायला बघतं. — म्हणजे इस्त्रीच की! मी म्हटलं, बाई, जन्मभर मी दुसरं काय करून राहिलो? फक्त एक सांगतो म्हटलं, वाकडी घडी एकदा पक्की बसली ना, तर वरून कितीही फिरवा, जुनी दिसतेच, नवी पण दिसते. ती कागदच चाळायला लागली. मला वाटलं, चुकलो काय बोलायला.

तंबी कशाला म्हणता? पोरीसाठी हो, हर्षालीसाठी. धुळ्याचं स्थळ आहे. मुलगा चांगला, माणसं चांगली, पसंती झाली, आता फक्त चौकशी राहिली. येईल त्यांचं कोणीतरी गल्लीत, विचारेल इकडेतिकडे. माझी तयारी बघा ना — समोरचा शेहजाद, दाढी-कटिंगवाला, त्याला सांगून ठेवलंय, सुपडूभाऊ रोज सकाळी दंड मारतो म्हणायचं. तो म्हणे भाऊ, तुमच्याकडे बघून कोणी पटवून घेईल का? म्हटलं तू बोल तर! कोपऱ्यावरचे लीलाधर नाना खोटं बोलत नाहीत, त्यांना चौकशी होईपर्यंत त्यांच्या पोरीकडे जामनेरला जा म्हटलं. गेले बिचारे. — तुम्ही म्हणाल, लपवायचं कशाला? अहो, डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं, हे जन्माचं नाही, वयानं आलेलं आहे, पोरीला याच्यातलं काही नाही. पण लोकांना कोण समजावणार? रक्ताचा म्हटलं की अख्खं खानदान त्यात आलं. एवढा बंदोबस्त केलाय म्हणून सांगतो, धुळ्याचा माणूस येऊन गेला तरी त्याला सुगावा —

थांबा. ही बाही बघा. ही दुसरी घडी कुठून आली? मी तर एकच घातली.

कांजी आहे हिला. कॉलरला पण आहे. हा शर्ट घरून निघताना कडक इस्त्री केलेला होता, अन् मग हातानं चुरगळला कोणीतरी. बोलण्याच्या नादात माझं लक्षच नाही. — भाऊ, इकडे बघा. इस्त्रीचा शर्ट कोणी इस्त्रीला आणत नाही. धुळ्याहून आलात ना? मुलाचे काका? ... मामा. बरं. मामा.

बठ्ठं सांगी टाकं ना मी! अख्ख्या गल्लीचं तोंड बांधलं, अन् माझंच उघडं राहिलं. हसा, हसा तुम्ही. हर्षाली पहिल्या दिवसापासून म्हणून राहिली, बाबा, सांगून टाकू, ज्यांना यायचं ते येतील. मीच ओरडलो तिच्यावर. तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धरा, पोरीनं काही लपवलं नाही. जा, सांगा घरी काय सांगायचं ते. शर्ट झालाय. दोन घड्यांचा झालाय, पण झालाय.

काय म्हणालात? ... माझं? औषधानं गुण आला का?

हे कोणी विचारत नाही हो. म्हणजे मीच विचारू देत नाही. — नाही आला. मागच्या खेपेला हर्षालीचा पेपर होता, मी एकटाच गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाली, बाबा, घडी सुटत नाहीये, आपण हे थांबवू. घरी माहीत नाही अजून. हर्षालीनं पुढचं तिकीट पण काढून ठेवलंय. लग्न डोळ्यांनी बघायचं होतं मला, म्हणून ही घाई, म्हणून हे सगळं नाटक. भीती वाटते हो, मामा. फार वाटते. — पैसे राहू द्या. राहू द्या म्हटलं ना! उठा, डबा घेऊन येतेय ती, ती बघा, पिवळ्या ओढणीची. तिच्यासमोर नको. —

काही नाही गं, गिऱ्हाईक आहे. चाळीसगावचे आहेत, निघालेच. मी त्यांना माझ्या शुगरचं सांगत होतो.