बॅकलाइट

तुम्ही मला फोटोग्राफर म्हणता ना, म्हणून आज खरं काय ते सांगून टाकतो.

मी चेन्नईतल्या गिंडी भागात नोकरीला होतो. डिजिटल कॅमेरे तेव्हा नवे होते आणि शहरात त्यांचं प्रदर्शन लागलं होतं. मी रेवतीला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन गेलो. ती तंजावरी मराठी घरातली. तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता.

स्टॉलवरच्या विक्रेत्यानं कॅमेरा माझ्याच हातात दिला. फोटोसाठी खिडकीपाशी भरतनाट्यमच्या वेषातली एक मुलगी बसवली होती. मी चार फोटो काढले. चारही वेळा तिचा चेहरा काळा.

"सर, उजेड मागून येतोय," विक्रेता म्हणाला. "कुठल्याही कॅमेऱ्यात असंच येणार."

"का म्हणून?" रेवती म्हणाली. "आणा इकडं." तिनं त्याला तमिळमध्ये विचारलं, "एक्सपोजर वाढवायचं बटण कुठलं?"

त्याला माहितीपुस्तिका उघडावी लागली. तोवर रेवतीनंच बटण शोधलं, फोटो काढला, पाहिला, एक्सपोजर अजून थोडं वाढवलं आणि दुसरा काढला. चेहरा असा उजळला की दागिन्यांतला खडान् खडा मोजून घ्यावा!

विक्रेत्यानं तोच फोटो स्टॉलच्या मोठ्या पडद्यावर लावला. गर्दी जमली. एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तुम्ही काढलात?"

"छे हो! माझ्या बायकोनं!" मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की शेजारच्या स्टॉलवरचे लोकही वळून बघायला लागले.

"अहो, हळू!" रेवती म्हणाली. पण मी तोवर पुढच्या माणसाला गाठलं होतं.