जंतू जेवले का?

…आणि वर मलाच विचारतात, "महिपतराव, जंतू जेवले का?" अहो, सकाळची वेळ, माझ्या पोटात चहाचा घोट नाही, आणि साहेबांना काळजी कुणाची? जंतूंची! तुम्हाला सांगतो, त्या कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण 'महिपतराव, तुम्ही जेवलात का?' असं एक माणूस विचारेल तर शपथ!

डोंबिवलीच्या एमआयडीसीत पामतेलाचा कारखाना आमचा. परदेशातनं आलेलं कच्चं तेल, ते धुवायचं, उकळायचं, वास काढायचा, डब्यात भरायचं. आता तेल धुतलं की धुवण उरणार ना? ते कसलं असतं माहितीये? कॉफीच्या रंगाचं, गरम, वर तवंग, आणि वास… जाऊ दे, तुम्ही आत्ताच जेवून आलेले दिसता. ते धुवण सरळ नाल्यात, नाला खाडीत. सगळ्यांना माहीत, सगळे गप्प.

आणि एकोणनव्वद साली एके दिवशी गेटवर कोळीवाड्यातली माणसं! पुढे चंद्रभागाबाई, कमरेला पदर खोचलेला, मागे तिचा नवरा गोमाजी, खांद्यावर जाळं. बाईनं ते जाळं घेतलं आणि थेट मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर टाकलं! चिकट, काळंकुट्ट. "हात लावून बघ सायबा! तुमचे पान्यानं जाली सडली, मावरं पलालं. आमची पोरा काय खातील, तुमचा त्याल?" साहेबांनी खुर्चीच मागे सरकवली. त्याच आठवड्यात प्रदूषणवाल्यांची नोटीसही आली: पाणी शुद्ध करा, नाहीतर कुलूप.

झालं! टाक्या बांधल्या, पंप बसवले, आणि मग प्रश्न आला, हे बघणार कोण? साहेब म्हणाले, "महिपतराव, तुमच्या गावाला गुरं आहेत ना?" म्हटलं, "आहेत." "मग तुम्हीच बघा. हेसुद्धा गुरं सांभाळल्यासारखंच असतं." आता मला सांगा, बैल दिसतो! शिंगं दिसतात, रुसला तर कळतं! जंतूचं तोंड कुठल्या बाजूला हे कुणी बघितलंय?

आमचा केमिस्ट सहदेव, पोरगेला पण हुशार, त्यानं मला समजावलं. "काका, आधी वरचं तेल काढून घ्यायचं, नाहीतर जंतूंचा जीव गुदमरतो. मग पहिली टाकी झाकलेली. तिथल्या जंतूंना हवा चालत नाही. त्यातले काही त्या चरबीचे तुकडे करून आंबट करतात, आणि दुसरे ते आंबट खाऊन गॅस सोडतात." म्हटलं, "म्हणजे आमच्या गावाकडच्या काकांसारखं." "मग दुसरी टाकी उघडी. तिथल्यांना हवा पाहिजे, ब्लोअर बंद पडला की मेले. उरलेलं ते खातात, खाऊन जड होतात, तळाला बसतात. वर नितळ पाणी. तळाचा गाळ थोडा परत टाकीत सोडायचा, म्हणजे पुढची पिढी तयार."

पहिल्यांदा जंतू आणायचे कुठून? शेणातनं! टेंपो घेऊन कल्याणकडच्या तबेल्यात गेलो. तबेलेवाला विचारतो, "इतना गोबर? कितनी भैंस है?" म्हटलं, "भैंस नहीं है, जंतू है." त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं, आणि शेण जरा लांबनंच दिलं. शिवाय युरिया घालायचा. म्हणे नुसतं तेलकट खाऊन जंतू वाढत नाहीत, भाताबरोबर वरण पाहिजे! घ्या! म्हणजे त्यांचं ताट मी वाढायचं. आणि मग रोज तेच… गेटवरचा वॉचमन, "काय महिपतराव, जंतू जेवले का?" कँटीनवाला, "जंतू जेवले का?" पॅकिंगमधल्या पोरी तोंडावर रुमाल धरून, "काका, जंतू जेवले का हो?"

पण तुम्हाला सांगतो, वाढले! हळूहळू वाढले, सहदेव म्हणायचा घाई करू नका, झाकलेल्या टाकीतले फार संथ असतात. पण एक दिवस त्यानं काचेच्या नळीत पाणी धरलं, तपकिरी गाळ सावकाश खाली बसला, वर पाणी स्वच्छ. मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या नळीकडे बघतच राहिलो. चंद्रभागाबाई स्वतः येऊन नाल्याचं पाणी बघून गेली. जाताना म्हणाली, "आता बरा हाय. पन परत काला पानी आला ना, तर नाल्याचा तोंड मातीनं बुजवीन, सांगून ठेवतंय!"

आणि मग श्रावणात आली कारखान्यातली सत्यनारायणाची पूजा.

आमचे बाबुराव, ऑफिसची व्यवस्था बघणारे. मुंबईहून मालक येणार म्हणून त्यांच्या अंगात आलेलं. आदल्या दिवशी सगळा कारखाना धुऊन काढला. कशानं? कॉस्टिक सोड्यानं! आणि वर ब्लीचिंग पावडर, पोतीच्या पोती! ते सगळं पाणी गटारात, गटार कुठे? माझ्या टाकीत! मला कुणी सांगितलं? कशाला सांगतील!

दुसऱ्या दिवशी पूजा मांडली, भटजींनी कथा सुरू केली, आणि टाकीकडनं वास निघाला… साधुवाण्याची नाव बुडायच्या आत भटजींनी उपरणं नाकाला लावलं! मालकांचे जोडलेले हात सरळ नाकावर गेले. मी धावत गेलो, तर टाकीवर पांढरा फेस आणि खाली पाणी काळं. सहदेवनं नळी धरली. गाळ बसेचना. पोरगा एवढंसं तोंड करून म्हणाला, "काका, मेले. सगळे मेले."

बाबुरावांना जाब विचारला, तर काय म्हणावं या माणसानं? "अहो, जंतू मारायलाच तर पावडर असते! मला काय माहीत तुम्ही पाळलेत!"

आता ते काळं पाणी नाल्याकडे निघालेलं. माझ्या डोळ्यांपुढे ते टेबलावरचं जाळं आलं. मी कुणाला विचारलं नाही. नाल्याकडचा व्हॉल्व्ह गच्च बंद केला. आता पाणी बाहेर जाणार नाही म्हणजे टाक्या भरणार, टाक्या भरल्या म्हणजे कारखाना थांबवावा लागणार. साहेब मालकांसमोरच ओरडले, "महिपतराव, डोकं ठिकाणावर आहे का? बाहेर टँकर उभे आहेत! पामतेल थिजेल!"

म्हटलं, "साहेब, तेल थिजलं तर तापवता येतं. हे पाणी खाडीत गेलं तर चंद्रभागाबाई नाला बुजवेल, आणि आपल्या गेटला कुलूप लागेल ते तापवून निघणार नाही."

 साहेब मालकांकडे बघतात, मालक प्रसादाच्या शिऱ्याकडे बघतात. शेवटी मालक हळूच म्हणाले, "बंद ठेवा." वासानं की माझ्या बोलण्यानं, देव जाणे.

संध्याकाळी मी सायकल काढली आणि सरळ कोळीवाड्यात गेलो. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपण सांगावं. चंद्रभागाबाई अंगणात मासळी सुकवत होती. सांगितलं, असं असं झालं, जंतू मेले, पाणी अडवलंय, एक थेंब सोडणार नाही. बाईनं मासळीची टोपली उचलली. मला वाटलं, आता टोपली डोक्यात! तर घरात वळून म्हणाली, "गोमाजी, याला चा दे. कारखान्यातनं कवा कोन सांगाया आलाय?" आणि चहा देताना गोमाजी विचारतो, "मंग, आता जंतू कुठनं आननार?"

कुठनं आणले सांगू? कळव्याहून! तिथे एका बिस्किटाच्या कारखान्यात अशीच टाकी चालू होती. सहदेव म्हणाला, शेणापासनं सुरुवात केली तर फार दिवस जातील, जिवंत गाळच मागून आणू. म्हणजे शेजारी विरजण मागायला जातात ना, तसं आम्ही टँकर घेऊन विरजण मागायला गेलो! तिथला गुणाजी म्हणून ऑपरेटर, त्यानं गाळ दिला आणि बजावलं, "हे बिस्किटं खाऊन वाढलेत. एकदम तेलकट देऊ नका, सोसणार नाही." मुलगी सासरी पाठवताना आई सांगते तसं!

मग थोडं थोडं धुवण द्यायचं, बघायचं, ब्लोअरला कान लावायचा. कारखाना अर्धाच चालू. कामगार माझ्यावर चिडलेले, साहेब चिडलेले. पण आता विचारायचे तेव्हा कुणी हसत नव्हतं. वॉचमन गेट उघडता उघडता हळूच, "महिपतराव… जंतू जेवले का?" पॅकिंगमधल्या पोरींनी तर नवस बोलला म्हणे! आणि एका सकाळी नळीत गाळ बसला. वर पाणी नितळ. सहदेवनं मला मिठीच मारली, आणि बाबुराव लांब उभे राहून विचारतात, "जेवले वाटतं?"

व्हॉल्व्ह उघडला. दिवाळीनंतर चंद्रभागाबाई गेटवर हजर. ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, मान हलवली, आणि टोपलीतनं ताजी बोयटं काढून माझ्या हातात ठेवली. "घे. खाडीला परत आलीत." बाकी कुणाला नाही, मला! 

मासे घेऊन घरी गेलो. सायकलवर कपड्यांना सगळं मासळीचं पाणी लागलेलं, रोजच्या टाकीच्या वासावर आज माशांचा वास. दारात आमच्या बायकोनं, शीलानं, नाक वर केलं, पुढे आली, शर्टाचा वास घेतला, परत घेतला, आणि लाजून म्हणते कशी, "अगबाई… आज अत्तरबित्तर लावून आलात की काय?"