टायफॉईडचं वर्ष

जमनाबाई : तीळ अजून स्वल्प भाज गं. कच्चे राहिले की तिळगुळाची चिगळी दाताला चिकटते. मग बायका म्हणायच्या, जमनाबाईंच्या नातीच्या आरतीला तोंडच उघडेना.

कस्तुरी : तोंड न उघडणं आपल्या घराला चांगलं जमतं, आई.

जमनाबाई : झालं सुरू! तुझ्या शाळेनं आज सुट्टी कशाला दिली कुणास ठाऊक. तो खल इकडे सरकव, गूळ मी कुटते.

कस्तुरी : डॉक्टरांनी तुला जोर करायचा नाही असं सांगितलंय.

जमनाबाई : डॉक्टरला नात आहे? सरकव म्हणते ना. उद्या आरतीच्या ताटाला माझा हात लागायचा नाही. तुझे वडील गेले तेव्हाच ते सुटलं. गूळ कुटायला तर कुणाची ना नाही?

कस्तुरी : किती जणींना बोलावलंस?

जमनाबाई : गल्लीतल्या सगळ्या. चामराजपेठेतल्या आपल्यातल्या बायका. उमाकांतच्या ऑफिसातल्या दोघी. गाणी म्हणायला ठकुबाई येणार आहे. घसा बसलाय तिचा, तरी येणार आहे.

कस्तुरी : म्हणजे शिवानीला काय झालंय, ते उद्या संध्याकाळी अर्ध्या मल्लेश्वरमला कळेल.

जमनाबाई : कळू दे की! पोरगी शहाणी झाली. लपवायचं काय त्यात?

कस्तुरी : आणि शिवानीला कधी कळणार?

जमनाबाई : तिला काय कळायचंय आता? तिचंच तर आहे.

कस्तुरी : सकाळी मला विचारत होती, आत्या, हे थांबलंच नाही तर मी मरेन का?

जमनाबाई : अय्यो, वेडी पोर. मग काय सांगितलंस?

कस्तुरी : मरणार नाहीस, असं. पुढचं सांगणार होते, तेवढ्यात तू तिचं ताट घेऊन आलीस.

जमनाबाई : बरी आले.

शिवानी : अज्जीऽ! मी आत येऊ? मला फार बोअर होतंय.

जमनाबाई : उंबऱ्याच्या अलीकडे पाऊल टाकू नकोस हं! तिथूनच बोल.

शिवानी : अज्जी, आमच्या क्लासमधली वीणा म्हणते, हे सुरू झालं की बाळ होऊ शकतं. खरं का ते?

जमनाबाई : त्या वीणाला म्हणावं, आधी नाक पुसायला शीक. लग्न झालं की देव देतो बाळ. गळ्यात मंगळसूत्र नाही तोवर काही होत नाही.

शिवानी : नक्की?

जमनाबाई : नक्की. जा, सुम्ने गप चटईवर बस. वाऱ्यात उभी राहू नकोस.

कस्तुरी : आई.

जमनाबाई : काय?

कस्तुरी : तेच वाक्य. शब्दसुद्धा बदलला नाहीस.

जमनाबाई : वाक्य काय बाजारातून नवं आणायचं असतं? माझ्या आईनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. गूळ बघ, किती कडक निघालाय या वेळी.

कस्तुरी : मी तिला सांगणार आहे. उद्या आरती होऊ दे, तू हौस करून घे. परवा मी तिला समोर बसवून सगळं सांगणार.

जमनाबाई : तिची आई मेली नाही अजून.

कस्तुरी : अलकाला विचारलंय मी. ती म्हणते, तुमच्याकडे नसतील सांगत, पण आमच्या पुण्यात हे सगळं स्कूलमध्येच सांगतात. आणि माझ्या शाळेत हेडमिस्ट्रेस म्हणतात, हे घरी आयांनी सांगायचं असतं. सातवीच्या पुस्तकातली ती चार पानं आम्ही स्टेपल करून देतो. मुली पिना काढतात, वाचतात, पुन्हा पिना लावतात. वाचलं त्याचा अर्थ कुणाला विचारावा, हे कुठल्याच पानावर नाही.

जमनाबाई : घरात केबल आलीय. बघून शिकतील.

कस्तुरी : नववीतली एक मुलगी दिवाळीपासून शाळेत नाही. आई येऊन सांगून गेली, कावीळ झालीय, गावी पाठवलंय.

जमनाबाई : असेल कावीळ. पाणी किती घाण झालंय या शहरात.

कस्तुरी : हो. त्यांच्याकडे कावीळ होते. आपल्याकडे टायफॉईड होतो.

जमनाबाई : गॅस बारीक कर. तीळ करपले.

कस्तुरी : नाही करपले.

जमनाबाई : मला वास येतोय.

कस्तुरी : येतोय ना? मलाही येतो. वीस वर्षं येतोय.

जमनाबाई : कस्तुरी, मी शिवानीहून थोडी मोठी होते तेव्हा लग्न करून आणली मला. उमाकांत पोटात होता तर मला वाटलं, गाठ झाली. मरणार म्हणून अंगावरचं सोनं काढून सासूच्या हाती दिलं होतं मी. ती हसली. मला कुणी बसवून सांगितलं? कळा सुरू झाल्या तेव्हा सासू म्हणाली, ओरडू नकोस, बाहेर पुरुष बसलेत. एवढीच माझी शाळा.

कस्तुरी : आनेकलला, मावशीच्या माजघरात, तूही मला तेवढंच सांगितलंस.

जमनाबाई : टायफॉईडात ताप चढतो. माणूस काहीबाही ऐकतं. ते धरून बसायचं नसतं.

कस्तुरी : ताप होता मला?

जमनाबाई : ताप नव्हता तर केस कसे गेले तुझे? सगळ्या गल्लीनं बघितलंय, कमरेपर्यंतचे केस घेऊन गेलीस आणि नुसतं डोकं घेऊन आलीस. उमाकांत अजून शिवानीला सांगतो, तुझी आत्या टायफॉईडातून वाचली म्हणून. ते तसंच राहू दे.

कस्तुरी : माझं राहू दे. तिचं काय?

जमनाबाई : तिला काही होत नाही. मी आहे.

कस्तुरी : माझ्याही वेळी तू होतीस.

जमनाबाई : माझ्या डोळ्यांदेखत नको, कस्तुरी. हात जोडते. मी डोळे मिटले की मग उघड तुझी शाळा. पोरीला फळ्यावर चित्रं काढून दाखव. मी बघायला नसले म्हणजे झालं.

कस्तुरी : बरं, सरी.

जमनाबाई : सरी म्हणजे? ऐकलंस की चिडलीस?

कस्तुरी : दोन्ही.

जमनाबाई : घे, चाखून बघ. गूळ जास्त झाला का?

कस्तुरी : ठीक आहे.

जमनाबाई : ठीक आहे काय? तुझ्या आरतीला मूठभर खाल्ल्या होत्यास. हिरव्या साडीत, खुर्चीवर बसून, दोन्ही गाल फुगवून. ठकुबाई म्हणाली, ही नवरी नाही, उंदीर आहे.

कस्तुरी : आठवतंय.

जमनाबाई : मग हस की स्वल्प. बरं, डबा झाकून ठेव, मुंग्या लागतील. आणि सकाळी मला लवकर हाक मार. मार्केटातून मोगरा आणायचाय, उशीर झाला की उरलेला देतात. विसरशील?

कस्तुरी : नाही विसरणार.

(पाच दिवसांनंतर, त्याच घराची गच्ची. खाली समाचाराला आलेल्या बायकांचा आवाज.)

शिवानी : आत्या, तू माझ्याजवळ नको बसूस.

कस्तुरी : तुला बाजूला बसवलं होतं ते दिवस संपले ना? न्हाऊनही झालं तुझं.

शिवानी : तरी नको.

कस्तुरी : मांडीवर काय घेतलंयस?

शिवानी : चिगळ्यांचा डबा. कुणी खाल्ल्याच नाहीत. मुंग्या झाल्यात. ममी म्हणाली फेकून दे, पण अज्जीनं कुटलेला गूळ आहे.

कस्तुरी : ठेव मग. मुंग्यांना खाऊ दे. खाली का येत नाहीस?

शिवानी : ठकुबाई म्हणत होत्या, रात्री पोरीच्या आरतीची तयारी आणि पहाटे जमनाबाई गेल्या, हा पोरीचा पायगुण. पायगुण म्हणजे माझ्या पायामुळे ना?

कस्तुरी : ठकुबाईचा घसा बसलाय, डोकं त्याच्या आधीच बसलंय. आईला हार्टचा त्रास होता. तुझ्या पपांना डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

शिवानी : पायामुळे नाहीच. मला माहितीये कशामुळे.

कस्तुरी : कशामुळे?

शिवानी : कुणाला सांगशील?

कस्तुरी : तू सांगू नकोस म्हणालीस तर नाही.

शिवानी : त्या रात्री अज्जीनं मला शिवलं. पोटात फार दुखत होतं, मी रडत होते. ती आली, एरंडेल कोमट करून माझ्या बेंबीला चोळलं. मी म्हटलं, अज्जी, शिवू नकोस, तूच नको म्हणालीस. ती म्हणाली, सुम्ने पड. मग माझ्याच चटईवर टेकून बसली. आणि सकाळी तू हाक मारलीस तर… ते घाण रक्त असतं ना आत्या? त्यानंच झालं. मी तिला हात लावू द्यायला नको होता.

कस्तुरी : इकडे बघ. डबा खाली ठेव आणि माझ्याकडे बघ. आईचं हृदय थकलं होतं, ते बंद पडलं. तुझ्या रक्तानं कुणी मरत नाही. ते घाणही नाही. पाच दिवस तू हे एकटी घेऊन बसलीस?

शिवानी : विचारणार कुणाला?

कस्तुरी : हो. विचारणार कुणाला.

शिवानी : अज्जीला विचारलं होतं त्या रात्री, वीणा खोटं बोलते का म्हणून. ती बेंबीला तेल चोळतच राहिली. मग म्हणाली, मला सांगता येत नाही गं. आरती झाली की आत्याला विचार. तिला सगळं ठाऊक आहे.

कस्तुरी : असं म्हणाली?

शिवानी : हो.

कस्तुरी : 'तिला सगळं ठाऊक आहे' — असं?

शिवानी : तू हसतेस का? रडतेस का?

कस्तुरी : काही नाही. मला म्हणाली होती, मी डोळे मिटले की मग सांग. आणि मिटून मोकळी झाली. वीस वर्षं मी वाट बघितली की ती मला एकदा तरी… आणि बोलली ती तुझ्याशी, मी शेजारच्या खोलीत असताना.

शिवानी : काय बोलली? मला नाही समजत.

कस्तुरी : समजेल. नीट ऐक. बाईच्या पोटात एक पिशवी असते, गर्भाशय. दर महिन्याला ती बाळासाठी अंथरूण घालते. बाळ आलं नाही की ते अंथरूण बाहेर टाकते. तेच हे रक्त. म्हणजे तुझ्या शरीरात आता बाळ राहू शकतं. पण तुझं शरीर अजून वाढतंय, हाडंसुद्धा पुरी झालेली नाहीत. या वयात बाळंतपण आलं तर आईच्याही जिवावर बेततं आणि बाळाच्याही.

शिवानी : पण माझं लग्न झालेलं नाही.

कस्तुरी : पोटाला लग्न कळत नाही, शिवानी. पुरुषाचा आणि बाईचा तसा संबंध आला की बाळ राहतं. म्हणजे काय, तेही आज सांगणार आहे, नुसतं 'तसा' म्हणून सोडणार नाही. गळ्यात काय आहे, ते बाळ बघून येत नाही.

शिवानी : अज्जी नक्की म्हणाली होती.

कस्तुरी : मलाही नक्की म्हणाली होती. आणि मी तिचं ऐकणारी मुलगी होते.

शिवानी : मग?

कस्तुरी : तेव्हा वरच्या खोलीत एक भाडेकरू होता. कॉलेज संपत आलेलं त्याचं. मला गणित शिकवायचा. आई त्याला माझ्याच हातून कॉफी पाठवायची, मुलगा सालस म्हणून. मी चौदा वर्षांची. मला वाटलं, लाज वाटण्यासारखं काहीतरी होतंय, पण धोका नाही. मंगळसूत्र कुठे आहे? नाही म्हणायचं असतं हे माहीत नव्हतं, कारण कशाला नाही म्हणायचं हेच माहीत नव्हतं. चूक त्याची होती. तो मोठा होता, त्याला सगळं कळत होतं. हे मला पुस्तकं वाचून कळलं, फार उशिरा. तुला आजच कळू दे.

शिवानी : मग काय झालं?

कस्तुरी : पोट वाढायला लागलं. मला वाटलं लठ्ठ होतेय. मी रात्रीचा भात सोडला.

शिवानी : आत्या…

कस्तुरी : आईच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही आनेकलच्या बसमध्ये. तो खोली सोडून गेला. त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

शिवानी : पण आनेकलला तर तू टायफॉईडसाठी गेली होतीस. पपा सांगतात, तुझे केससुद्धा गळले.

कस्तुरी : गळले नाहीत. परत निघायच्या दिवशी आईनं कापले. कात्रीनं, मावशीच्या मागच्या दारी. टायफॉईडात केस जातात, हे तिला ठाऊक होतं. रडत होती आणि कापत होती. मला टायफॉईड झालाच नव्हता.

शिवानी : आणि बाळ?

कस्तुरी : मुलगी होती. रडली नाही. आईनं फडक्यात गुंडाळून नेली. मला दाखवली नाही, मीही दाखव म्हटलं नाही.

शिवानी : अज्जीचा राग येतो तुला?

कस्तुरी : येतो. आणि सकाळ झाली की तिला हाक मारायला जाते.

शिवानी : मला असं कुणी काही केलं तर…

कस्तुरी : तर पळत माझ्याकडे यायचं. चूक कुणाची ते नंतर बघू. मी ओरडणार नाही, कुणाला घाबरणार नाही, आणि त्याला कुठल्या तापाचं नाव देणार नाही.

शिवानी : ममी हाक मारतेय. इतका वेळ वर काय बोलत होतात, विचारेल. ठकुबाई पण बसल्यात तिथे. टायफॉईडचं बोलत होतो म्हणून सांगू?

कस्तुरी : नको. बाळाचं बोलत होतो म्हण. माझ्या बाळाचं.