मंदारने पाहिलेला कसकस

मनीषावहिनी, आणि स्क्रीनवर जमलेल्या सगळ्यांनो,

घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, या लॉकडाऊनच्या नियमामुळे आज आपल्याला एका खोलीत बसून रडताही येत नाही. बोलायचं लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवतो.

मंदार आणि मी इथे परदेशात, चेरीवूडच्या एकाच ऑफिसात, एकाच टीममध्ये. गेल्या रविवारी हार्ट अटॅकने तो गेला. तोवर मला वाटायचं, मी त्याला ओळखतो.

लॉकडाऊनमध्ये त्याला एक नाद लागला. कसकस. झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या लांबच्या नात्यातला प्राणी. मंदार शोधायचा ती जात पॅसिफिकमधल्या काही बेटांवरच सापडते, आणि आता तिथूनही संपत चाललीये. संशोधकांनी तिथल्या झाडांवर लावलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो मंदार घरबसल्या तपासायचा. दोघांनी वेगवेगळं बघून 'दिसला' म्हटलं, तरच नोंद पक्की. दुसरा मी.

मंदार फोन करायचा. "अरे, त्या फांदीमागे बघ. दिसला?"

मी इथल्या लोकांसारखं म्हणायचो, "दिसला रे, ग्रँड!"

नव्हता दिसला. मला नुसती पानं दिसायची. मी एकदाही नीट बघितलं नाही. ऑफिसात दुसऱ्याचा कोड न वाचता अप्रूव्ह करतो ना आपण, तसं. टीममधले सगळे आहात इथे, तुम्हाला कळेल.

काल त्या संशोधकांचं पत्र आलं. आमच्या दोघांच्या नोंदी दाखवून ते त्या रानातली लाकूडतोड थांबवायची मागणी करणार आहेत. वहिनींनी फोनवर वाचून दाखवलं, रडल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, खरंच दिसायचा ना त्याला?"

मी म्हणालो, हो.

वहिनी, मला माहीत नाही. खरं सांगितलं तर मंदारची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल का? नाही सांगितलं, तर ती मेहनत होती तरी कशाची? त्याला खरंच दिसत होता? की मी इथे एकटा राहतो, म्हणून फोन करायला ते निमित्त होतं? कोणाला विचारू? ज्याला विचारायचं, तोच गेला.

माझ्या नोंदी धरू नका, असं मी संशोधकांना आज कळवतोय. माझं चुकतंय का, तेही कळत नाही. माफ करा, वहिनी.

आता दोन मिनिटं शांत उभे राहूया. मग मी त्याने शेवटी तपासलेला फोटो लावतो. नीट बघा. दिसला तर दिसला म्हणा. नाही दिसला, तर नाही म्हणा. मी मंदारला तेवढं एकदाही म्हणालो नाही.